मागचा अर्धा

एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या, एकाच घरात वाढलेल्या आणि एकाच बाकाच्या दोन बाजूंना बसून वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी तरुणपणापासून प्रत्येक सिगारेट अर्धी-अर्धी वाटून ओढली. थोरला त्याखेरीज स्वतःच्या वेगळ्याही ओढत असे. मूत्राशयाचा कर्करोग धाकट्याला झाला.

"घे. तू आधी," थोरला म्हणाला, आणि नुकतीच पेटवलेली सिगारेट त्याने बाकापलीकडे धरली.

धाकट्याने चिमट्यातलं पितळी वजन पारड्यात अलगद ठेवलं, काटा स्थिर होण्याची वाट पाहिली आणि मगच मान वर केली. इस्पितळातून परतल्यानंतर दुकानात येण्याचा त्याचा हा पहिला दिवस होता. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी आतली गाठ खरवडून काढली होती. अंगावर एकही टाका नव्हता. त्यामुळे आपण आजारी होतो याचा कोणताही पुरावा आपल्याजवळ नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

"मी आधी का?"

"आजपासून असंच."

"असंच म्हणजे कसं?"

"पुढचा अर्धा तुझा, मागचा माझा. घे लवकर, पारड्यात राख पडेल."

बाकाचा रिवाज याच्या बरोबर उलट होता, आणि जुना होता. वडील गल्ल्यावर बसत त्या काळात मागच्या खोलीत लपून ओढायला एका वेळी एकच सिगारेट हाती लागे. थोरला पेटवी, अर्धी झाली की हात लांब करी, आणि धाकटा न बघता ती घेई. पुढे वडील गेले, पाकीट उघडपणे बाकावर आलं, दोघांचे केस पिकले. पण बाकावर कुणी कधी अख्खी सिगारेट ओढली नाही. एक विझली की थोड्या वेळाने दुसरी पेटे, असं दिवसभर चाले. समोरचा चाव्या बनवणारा दोघांना 'जोडकाटा' म्हणे. बाकाबाहेर धाकटा ओढत नसे. थोरला मात्र सकाळी गच्चीत, दुकान बंद करून घरी चालताना आणि जेवणानंतर ओढायचा. त्यात वाटेकरी नव्हता.

या उलटापालटीमागे थोरल्याचं स्वतःचं संशोधन होतं. भाऊ इस्पितळात असताना त्याने एक विझलेलं थोटूक ब्लेडने उभं चिरलं आणि त्याच्या टोकाचा तपकिरी पडलेला कापूस सोनारकाटा तपासायच्या भिंगातून पाहिला. धूर पुढून मागे येतो. येताना त्यातली घाण मागच्या तंबाखूत साचत जाते. पुढचा अर्धा ओढणाऱ्याला मोकळा धूर मिळतो आणि मागचा अर्धा ओढणाऱ्याला साचलेलं सगळं. इतकी वर्षं आपण साय खाल्ली आणि भावाला खरवड दिली, अशा निष्कर्षाला तो पोहोचला. निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं. सिगारेटचे शेवटचे झुरके पहिल्यांपेक्षा जड असतात हे मोजून दाखवता येतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. गाळ कुणी प्यायचा एवढंच त्याने बदललं. पेला होता तिथेच राहिला.

धाकट्याचा सिद्धान्त वेगळा होता आणि तो त्याने त्याच संध्याकाळी जेवताना मांडला. थोरल्याची बायको फार पूर्वी वारली होती. तेव्हापासून तो धाकट्याच्या घरीच राहत आणि जेवत असे.

"शर्टाला वास येतोय," धाकट्याची बायको वाढता वाढता म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"सिगारेटनं झालं असेल म्हणाले. असेल. म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"आणि तुम्हाला माहीत आहे."

"मला काटे माहीत आहेत. एकच वजन दोन काट्यांवर ठेवलं. एक काटा बरोबर दाखवतो, दुसरा चूक. दोष कुणात? वजनात तर नाही ना? दादा माझ्याहून जास्त ओढतो. बघ त्याच्याकडे, घोडा आहे नुसता. मग सिगारेटचा दोष कसा?"

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

थोरल्याने ताटाकडेच बघत सांगितलं, की आता काळजीचं कारण नाही. आजपासून पुढचा अर्धा धाकट्याला देण्याची व्यवस्था केली आहे.

तिने डाव पातेल्यात ठेवला. "देवाने तुम्हा दोघांत मिळून एकच अक्कल दिली होती," ती म्हणाली, "आणि तीसुद्धा तुम्ही अर्धी-अर्धी ओढून संपवलीत."

धाकटा हसला. थोरलाही हसला. ती हसली नाही, कारण तिने डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकलं होतं. हा आजार पुन्हा पुन्हा उगवतो, आणि ओढत राहणाऱ्यांच्यात जास्त उगवतो, असं ते म्हणाले होते. तिने पुढचे काही दिवस समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिलं, शर्ट वेगळे धुऊन पाहिले. पण नवऱ्याजवळ एक असा पुरावा होता ज्याच्यापुढे तिचं काही चालेना, आणि तो पुरावा रोज सकाळी गच्चीत उभा राहून खणखणीत छातीने धूर सोडत होता.

ठरलेल्या मुदतीनंतर तपासणीची दुर्बीण झाली. मूत्राशयाच्या अस्तरावर नव्या ठिकाणी पुन्हा गाठी दिसल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर उभ्याउभ्याच बोलणाऱ्यांपैकी होते.

"परत आलंय. लहान आहे, वरवरचं आहे, काढून टाकू. पण असंच येत राहिलं आणि एकदा का खालच्या स्नायूत शिरलं, तर मला लघवीची पिशवी पूर्ण काढावी लागेल. मग पोटावर बाहेरून थैली, जन्मभर. लक्षात येतंय ना? सिगारेट?"

"अर्धी," धाकटा म्हणाला.

"अर्धी म्हणजे?"

"अख्खी मी कधी ओढलीच नाही."

डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या थोरल्याकडे पाहिलं. "आणि हे कोण?"

"दुसरा अर्धा."

डॉक्टरांना विनोद कळायला वेळ लागला. कळल्यावर ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. तुम्ही सख्खे का, तेवढीच वर्षं ओढता का, त्याच सिगारेटी का, तुमच्या लघवीतून कधी रक्त गेलं का, असं त्यांनी थोरल्याला विचारलं. मग त्यांनी दोघांना तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. तिथल्या डॉक्टर अशाच भावंडांचा अभ्यास करत होत्या.

जिन्याजवळच्या लाकडी बाकावर थोरला मध्येच बसला.

"काय झालं?"

"मी उलटं केलं होतं रे," थोरला म्हणाला. "मागचा मी घेत होतो. तरी आलं."

"मग तेच तर. मी पहिल्यापासून सांगतोय, सिगारेटचा काही संबंध नाही. आता तूच सिद्ध करून दिलंस."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. भावाला वाचवण्यासाठी केलेला प्रयोग भावाच्याच हट्टाला टेकू देऊन गेला होता. थोरल्यापुढे आता दोनच गोष्टी स्पष्ट होत्या: आजार वाढला तर धाकट्याची पिशवी जाणार होती, आणि कारण कळल्याशिवाय धाकटा काही सोडणार नव्हता.

तळमजल्यावरच्या डॉक्टर तरुण होत्या आणि 'बहुधा' हा शब्द न लाजता वापरत होत्या. त्यांनी बरंच विचारलं. रंगाच्या कारखान्यात कधी काम केलंत का, रबराच्या, चामड्याच्या? घरातलं पाणी कुठलं? केसांना कलप? मग आजारांकडे वळल्या.

"तरुणपणी काही मोठं दुखणं?"

"क्षय," थोरला म्हणाला. "दोघांना एकदमच. एकाच बाटलीतल्या गोळ्या खाल्ल्या आम्ही."

"गोळ्यांचा काही त्रास?"

"मला काही नाही. ह्याचे पाय. मुंग्या येतात म्हणायचा, पायाखाली जमीन आहे का नाही कळत नाही म्हणायचा. रस्त्यात चप्पल निसटून मागे राहायची आणि हा तसाच पुढे. आम्हाला वाटायचं, दुकानात यायला नको म्हणून नाटकं. मग डॉक्टरांनी कसल्यातरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या जोडीला दिल्या तेव्हा थांबलं. हा पहिल्यापासून असाच आहे, डॉक्टर. ह्याचं शरीर म्हणजे कचेरी आहे. आत गेलेला कागद लवकर बाहेर येत नाही."

"तू तर बोलूच नकोस," धाकटा म्हणाला. "तुझ्या पोटात खिळे टाकले तरी संध्याकाळपर्यंत पाणी."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं होतं. "पुन्हा सांगा जरा."

"काय? कचेरी?"

"पाय."

थोरल्याने पायांचं पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी दोघांना दुसऱ्या दिवशी चहा-कॉफी न घेता यायला सांगितलं. चाचणी साधी होती: प्रत्येकाने मोजून दिलेली कॉफी प्यायची, काही तास थांबायचं आणि बाटलीत लघवी द्यायची. कॉफीतला एक पदार्थ यकृत कसा मोडतं ते लघवीत उतरतं, आणि त्यावरून यकृतातल्या एका कामगाराचा वेग कळतो, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर दोन पेले ठेवले आणि बाटल्या आणायला त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा एक पेला रिकामा होता, दुसरा थोरल्याच्या ओठाला लागलेला होता आणि धाकट्याचा हात टेबलावर पुढे आलेला होता.

"हे काय करताय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला पेला थोरल्याने अर्धा प्यायला होता आणि पुढे केला होता; धाकट्याने तो संपवला होता. दुसऱ्याचंही तसंच चाललं होतं. यात काही वावगं आहे हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"प्रत्येकाने आपापला पेला प्यायचा होता, काका."

"शेवटी दोन अर्धे म्हणजे एकच ना?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही काटेवाले ना? तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, थोडं ह्या पारड्यात, थोडं त्या पारड्यात, शेवटी सगळं सारखंच. काय म्हणाल?"

"दुकान बंद आहे म्हणेन," थोरल्याने कबूल केलं.

त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागलं. त्या वेळी डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच अख्खा पेला एकट्याने संपवताना अर्ध्यावर आपल्याला कसंसंच झालं, असं धाकट्याने नंतर बायकोला सांगितलं.

निकाल ऐकायला ते एकाच बाजूला दोन खुर्च्या ओढून बसले.

"सिगारेटच्या धुरात काही घातक रसायनं असतात," डॉक्टर म्हणाल्या. "यकृतातलं एक विकर त्यांना एक छोटासा तुकडा जोडतं. तो जोडला की त्यांचा दात मोडतो आणि ती गुपचूप बाहेर पडतात. विकर म्हणजे तो कामगार, मी म्हणाले होते तो. क्षयाच्या गोळीवरही तोच काम करतो, कॉफीवरही तोच. काही माणसांत तो चपळ असतो, काहींत मंद. मोठे काका, तुमचा चपळ आहे. धाकटे काका, तुमचा मंद. गोळी तुमच्या अंगात रेंगाळली, म्हणून पायांना मुंग्या आल्या. ते नाटक नव्हतं."

धाकट्याने भावाकडे न पाहता मान हलवली. इतक्या वर्षांनी का होईना, निकाल त्याच्या बाजूने लागला होता. "म्हणजे दोष जन्माचा," तो म्हणाला. "मी हेच सांगत होतो. सिगारेटचा नाही."

"दोष नाही तो. जगात कित्येक ठिकाणी निम्म्या लोकांचं विकर मंदच असतं आणि ते सुखाने म्हातारे होतात. हे विकर कसं घडवायचं याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तुमच्या आईवडिलांकडे बहुधा दोन्ही तऱ्हेच्या होत्या. मोठ्यांच्या वाट्याला निदान एक चपळ आली, तुमच्या वाट्याला दोन्ही मंद. नाणं उडवल्यासारखं."

"मग त्यानेच झालं ना?"

"नाही. जे ओढत नाहीत त्यांच्यात मंद कोण आणि चपळ कोण, यानं या कर्करोगाच्या बाबतीत जवळजवळ काही फरक पडत नाही. फरक ओढणाऱ्यांत दिसतो. मंदपणा एकटा काही करत नाही. त्याला धूर लागतो. दात न मोडलेलं रसायन लघवीत उतरतं, आणि लघवी पिशवीत तासन्‌तास थांबते."

थोरल्याने घसा साफ केला. "डॉक्टर, आणि मागचा अर्धा?"

त्याने थोटूक चिरल्यापासूनचं सगळं सांगितलं. सांगताना त्याची बोटं मांडीवर कसलीतरी अदृश्य वस्तू उभी चिरत होती. डॉक्टर हसल्या नाहीत.

"पुढचा असो नाहीतर मागचा, धूर धूरच असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना पुढचा दिला असतात पहिल्यापासून, तरी बहुधा हेच झालं असतं. आणि तुम्ही सुटलात असंही समजू नका. धुराने दोघांचाही धोका कित्येक पटींनी वाढला. मंदपणाने त्यात थोडी भर घातली, थोडीच. चपळ विकराच्या माणसांनाही हा आजार होतो. तुम्हाला झाला नाही यात विकराचा वाटा आहे आणि नशिबाचाही. एका माणसाविषयी मी शपथेवर सांगू शकत नाही. हजारांविषयी सांगू शकते."

"पण वजन एकच होतं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो खरोखरच विचारत होता. "काटे दोन. एक बिघडला, एक नाही. मग वजनाला बोल कसा लावायचा?"

डॉक्टर काही बोलणार, एवढ्यात थोरला खुर्चीतच त्याच्याकडे वळला.

"दांडी वाकलेला काटा दुकानात येतो. आपण आधी काय करतो?"

"दांडी बघतो."

"त्याच्या आधी."

धाकट्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

"अरे, त्याच्या आधी काय करतो?"

"पारड्यातलं उतरवतो."

"का?"

"वजन असेपर्यंत दांडी वाकतच जाते."

"मग दांडी कच्ची का वजन जास्त, ते मागाहून बघू," थोरला म्हणाला. "आधी उतरव."

धाकट्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "आता सोडून उपयोग आहे?"

"आहे. पुन्हा उगवण्याची शक्यता कमी होते. शून्य नाही होत."

"किती कमी?"

"सोडल्याशिवाय तुमच्यापुरतं कळणार नाही."

हे उत्तर त्याला पटलं असावं. निदान त्यावर त्याने वाद घातला नाही.

दुकानात परतल्यावर थोरल्याने बाकावरचं पाकीट उचलून केराच्या डब्यात टाकलं. काडेपेटी ठेवली, कारण पितळेचे सांधे जोडायला डाग द्यायचा छोटा दिवा तिनेच पेटत असे. गच्चीतली, चालतानाची आणि जेवणानंतरची अशा आपल्या सिगारेटीही त्याने त्याच दिवसापासून बंद केल्या, आणि त्याविषयी तो कुणाशी बोलला नाही. धाकट्याला मात्र पुराव्यावाचून चैन पडेना. पहिले काही दिवस तो सकाळी गच्चीत जाऊन भाऊ काय करतोय ते पाहून येई. थोरला कठड्याशी नुसता उभा असे, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

बाकावर सवय लवकर गेली नाही. काम करता करता धाकट्याचा हात, न बघता, पलीकडे येई. थोरला त्यात चिमटा ठेवी, कधी एखादं वजन, कधी पुसायचं फडकं. धाकटा ते घेई आणि त्याचं जे करायचं ते करी. दोघंही खोकत होते, चिडत होते आणि गिऱ्हाइकांवर खेकसत होते. चाव्या बनवणाऱ्याने एकदा चौकशी केली, तेव्हा 'जोडकाटा सुट्टीवर आहे' असं त्याला सांगण्यात आलं.

नव्या गाठी खरवडून काढून झाल्या होत्या; पुढची दुर्बीण अजून व्हायची होती. ती काय दाखवील हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचं कुणी भासवतही नव्हतं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी जेवताना धाकट्याच्या बायकोने नवऱ्याचा शर्ट खुर्चीवरून उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तळमजल्यावरच्या त्या डॉक्टरांनी एवढं सगळं केलं. मग कशानं झालं, ते कळलं का शेवटी?"

थोरल्याचा घास हातातच राहिला.

"माझ्यात एक गोष्ट जन्मापासून मंद आहे," धाकटा म्हणाला. "दादात ती चपळ आहे."

"म्हणजे त्यानं झालं?"

"नाही. नुसत्या त्यानं काही बिघडलं नसतं. सिगारेटनं झालं."

"मी दिलेल्या," थोरला म्हणाला.

"मी हात पुढे करून घेतलेल्या," धाकटा म्हणाला. "जेव."